तुतीला तीन वर्षं लागतात

१ फेब्रुवारी, रविवार

डायरी लिहायला घेतली ती कोंबड्यांमुळे. एरवी दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईच्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काय घडतं? कुणाची पँट दोन इंच लांब निघाली, कुणाचं पोट दोन इंच पुढे आलं. पण आज सकाळी नवरोजींनी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात उभं राहून जाहीर केलं, की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटताहेत आणि त्याचं कारण आहे कंटाळा. खुराड्यापुढे जाळी ठोकून त्यांना फिरायला जी जागा केलीय ती म्हणजे नुसती उघडी माती. एक पान नाही, सावली नाही. "तिथे काहीतरी लावायला हवं," एवढं बोलून स्वारी आंघोळीला गेली. गेल्या वर्षी पाच कोंबड्या आणल्या ह्यांनीच, आणि तेव्हापासून निस्तरतेय मी. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर ह्या माणसाने!

तर काय लावलं, कधी लावलं, कधी मेलं, हे लिहायला वही हवी. सासऱ्यांनी ट्रंकेतून एक कोरी डायरी काढून दिली. चौतीस वर्षं बस स्टँडवर टाइमकीपर होते ते. डायरी जुनी आहे, वार खोडून लिहावे लागताहेत.

सासरे ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहेत. सासूबाई गेल्यावर दोघा भावांनी ठरवलं, सहा महिने इथे, सहा महिने धाकट्या दिराकडे. एकतीस मार्चला दीर गाडी घेऊन येईल. माणूस त्रासाचा नाही, पण घड्याळ आहे. चहा पाच चाळीसला म्हणजे पाच चाळीसला. एक्केचाळीसला दिला तर पितात, पण माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. म्हटलं, "बाई गं, एकतीस मार्चला माझी सुटका! मग सकाळी आठपर्यंत लोळणार बघ." ती खूप हसली. सासरे मागच्या दाराशी चपला घालत होते. ऐकू कमी येतं ते एक बरं.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उठून बघते तर चहा तयार. सासऱ्यांनी केलेला. माझा कप वर बशी ठेवून झाकलेला. "आज काय विशेष?" विचारलं, तर म्हणाले, "सवय असावी. तू झोपत जा निवांत."

ह्यात काहीतरी काळंबेरं आहे. साखर जास्त घालून पीत असणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रोपवाटिकेत जाऊन आलो, मी आणि सासरे. बस चार मिनिटं उशिरा आली तर त्यांनी कंडक्टरकडे असं बघितलं की बिचाऱ्याने न विचारता कारण सांगितलं.

रोपवाल्याला म्हटलं, कोंबड्यांच्या जागेत लावायला काहीतरी द्या. तो म्हणाला, "ताई, कोंबड्यांना आवडेल असं देऊ की कोंबड्यांपुढे टिकेल असं? दोन्ही एकदम मागू नका." मला झेंडू हवा होता, दिसायला बरा. पुदिनाही घेतला. सासरे सारखे एकच विचारत होते, "लवकर काय येतं? महिन्याभरात काय येतं?" मोहरी, मेथी, राजगिरा, सगळी घाईची बियाणी त्यांनी निवडली. ह्या वयात एवढा उतावळेपणा!

मग रोपवाल्याने तुतीचं रोप पुढे केलं. म्हणाला, कोंबड्यांच्या जागेत ह्याच्यासारखं झाड नाही. उन्हाळ्यात सावली, खाली फळं गळतात ती कोंबड्यांना, वरची माणसांना. सासऱ्यांनी रोप हातात घेतलं. पानं उलटून बघितली, बुंध्याला अंगठा लावून बघितला. मला वाटलं घेतात. तर म्हणाले, "फळाला किती?" "तीन वर्षं धरा." त्यांनी रोप होतं तिथेच, पिशवीच्या खाली उमटलेल्या ओल्या गोलावर बरोब्बर नेऊन ठेवलं.

"आवडत नाही का तुती?" मी बसमध्ये विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल झेंडू लावला. आज सकाळी कोंबड्या सोडल्या. अकरा मिनिटं. सासऱ्यांनी घड्याळ लावून बघितलं.

आधी 'इन्स्पेक्टर' आली. मान तिरकी करून एकेका रोपाची तपासणी केली आणि पहिलं उपटलं. मग 'मोठ्या बाई' ऐन वाफ्यात बसून धूळ अंगावर घ्यायला लागल्या. दोघी जुळ्यांनी मुळं खाल्ली. 'लंगडी' बिचारी शेवटी पोचली, तिच्यासाठी एक पाकळी उरली होती. पुदिना कुणी खाल्ला नाही, नुसता उकरून पलीकडे टाकला.

नवरोजी खिडकीतून म्हणाले, "मी सांगणारच होतो." काय सांगणार होते ते मात्र सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

सासरे गेले पाच दिवस अंगणात ठाकठूक करताहेत. नवरोजींचं पुस्तकांचं कपाट तीन वर्षं अर्धवट पडलं होतं, त्याच्या फळ्या घेतल्या. तीन चौकटी केल्या, तीन बोटं उंच, वरून बारीक जाळी ठोकलेली. त्या मातीवर पालथ्या घालायच्या, आत बी पेरायचं. रोप वाढून जाळीबाहेर डोकावलं की कोंबड्यांनी तेवढा शेंडा खायचा. पाय आत जात नाही, मूळ सुरक्षित. पुन्हा फुटतं, पुन्हा खातात. नवरोजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "माझं कपाट!" म्हणाले. मी म्हटलं, निदान कोणीतरी त्याचा उपयोग केला.

चौकटींना नावं आहेत: फलाट एक, फलाट दोन, फलाट तीन. मागच्या दारावर वेळापत्रक चिकटवलंय. कुठल्या फलाटावर काय पेरलं, उगवणार कधी, चरायला खुलं कधी. अक्षर मोत्यासारखं. शेवटची ओळ तीस मार्चची. मी विचारलं, "आणि पुढे?" म्हणाले, "कागद संपला."

खाली चार बोटं कागद कोरा आहे. आयुष्यभर वेळापत्रकं केली माणसाने, आणि जागेचा अंदाज नाही!

१८ फेब्रुवारी, बुधवार

मोहरी आली! फलाट एकवर जाळीतून हिरवी टोकं वर आलीत. इन्स्पेक्टर दोन तास जाळीवर उभी होती. पिसं उपटणं बंद झालंय, लंगडीच्या पाठीवर नवी पिसं दिसताहेत. आज चार अंडी.

सकाळी चहा पिता पिता सासऱ्यांनी गोष्ट सांगितली. एवढे शब्द त्यांच्या तोंडून एका वेळी मी पहिल्यांदा ऐकले. म्हणाले, स्टँडवर दिवसभर शंभर गाड्या यायच्या. दहा मिनिटं थांबायच्या, निघायच्या. त्यांची नोंद करायची आणि विसरायचं. पण रात्रीची शेवटची गाडी मुक्कामाची. ती आली की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा, बूट काढायचा, आणि मग सगळा स्टँडच शांत व्हायचा. "मुक्कामाची गाडी लागली की मला घरी जायला बरं वाटायचं," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, मग इतकी वर्षं घड्याळाकडे बघत बसायचा कंटाळा नाही आला?" "सूनबाई, घड्याळाकडे लोक बघतात. मी लोकांकडे बघायचो." आणि उठले. नऊची वेळ झाली होती, फलाट दोनला पाणी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या जावेचा फोन. "वहिनी, बाबांची खोली रंगवून घेतली. टीव्ही लावलाय भिंतीवर. तिसरा मजला, वारा छान येतो." किती ते करतेय बिचारी. मी जाऊन सासऱ्यांना उत्साहाने सांगितलं. "हं," म्हणाले. नुसतं हं! माणसाने थोडा तरी आनंद दाखवावा. कोंबड्यासुद्धा राजगिरा बघून पंख फडफडवतात.

संध्याकाळी मला अंगणात बोलावून घेतलं आणि चौकटी कशा हलवायच्या ते शिकवायला लागले. कुठली आधी, कुठली नंतर, जाळी सैल झाली तर खिळा कुठे. एकदा सांगितलं. मग माझ्याकडून म्हणून घेतलं. मग म्हणाले, डायरीत लिही. मी म्हटलं, "बाबा, मी काय नवीन भरती झालेली कंडक्टर आहे?" "लिही," म्हणाले. लिहिलं. अधिकार गाजवायची हौस, दुसरं काय.

६ मार्च, शुक्रवार

ऊन तापायला लागलं. कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. मोहरी-मेथीने पोट भरतं, सावली मिळत नाही. मी पुन्हा तुतीचा विषय काढला. सासरे म्हणाले, "ज्याला तिच्याखाली बसायचं, त्याने लावावी."

मला राग आला. म्हटलं, "मग मीच लावेन!" "लाव की," म्हणाले, आणि गोणपाट घेऊन जाळीवर सावली बांधायला गेले. लावेन तर म्हटलं, पण वेळ कुठे आहे? बँडवाल्यांचे बावीस कोट शिवायला घेतलेत, प्रत्येकाला सोनेरी फीत आणि प्रत्येकाचं पोट वेगळं.

१३ मार्च, शुक्रवार

आज गंमत झाली. मी पुढच्या खोलीत, मशीन पूर्ण वेगात, शेजारी पंखा. सासरे रस्त्याकडच्या फाटकाशी उभे. अचानक म्हणाले, "मोठ्या बाईंनी अंडं घातलं." जाऊन बघितलं, खरंच, गरम अंडं. मला मेलीला काही ऐकू आलं नव्हतं. कोंबडीचं बोलणं बरं ऐकू येतं ह्यांना! भाजी आणायला सांगितलं की तेवढे कान बसतात.

२२ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाहीत, पण लिहिते.

पुदिना कधी लावला होता ते बघायला डायरी मागे चाळली. पहिलं पान उघडलं. तिथे माझंच अक्षर. "एकतीस मार्चला माझी सुटका." आणि खाली, "ऐकू कमी येतं ते एक बरं."

मग पुढचं पान. चहा. "तू झोपत जा निवांत."

मग सगळीच पानं भराभर वाचली. महिन्याभरात काय येतं. कागद संपला. लिही म्हणाले, लिहिलं. फाटकाशी उभं राहून त्या माणसाला मागच्या खुराड्यातली कोंबडी ऐकू येते. मग मागच्या दाराशी उभं असताना मी फोनवर काय बोलले ते ऐकू आलं नसेल? सगळं मीच लिहिलंय, तारीखवार, आणि एक अक्षर मला वाचता आलं नाही.

आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही. मी थट्टा केली होती हो. बहिणीशी बोलताना मी स्वतःच्या नवऱ्याचीही सुटका मागते, मशीनचीही मागते. पण त्यांना कसं कळणार? सहा महिन्यांत मी त्यांना 'राहा' असं एकदाही म्हटलेलं नाही. बँडवाल्याच्या कोटावर डोळ्यांतलं पाणी पडलं, सोनेरी फितीवर डाग पडलाय.

नवऱ्याला विचारलं, "बाबांना कुणी विचारलं होतं का, कुठे राहायचंय म्हणून?"

"ठरलंय ना सगळं?"

"कुणी ठरवलं?"

"आम्ही दोघांनी." मग वर्तमानपत्राची घडी घातली. "नाही विचारलं," म्हणाले.

२३ मार्च, सोमवार

माफी मागायला गेले. सासरे फलाट तीनवर पाणी घालत होते. शेवटी तोंडातून निघालं ते असं, "बाबा, तुम्हाला ऐकू येतं ना?"

"काय?" म्हणाले.

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पण कानाची पाळी लाल झाली होती.

मी परत आले. बोलून बिघडवलेलं बोलून दुरुस्त करायची मला अक्कल नाही. शिवण उसवली तर शिवता येते तेवढं.

२४ मार्च, मंगळवार

शिलाई बंद ठेवून एकटी रोपवाटिकेत गेले. बस वेळेवर होती. रोपवाला म्हणाला, "आज आजोबा नाहीत? महिन्याभरापूर्वी एकटे आले होते. तुतीपाशी उभे राहिले, पाणी घातलं आणि गेले." हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळचे फिरायला जातात म्हणून समजत होते मी. तेच रोप घेतलं.

घरी आले. दारावरचं वेळापत्रक काढलं. एक कोरा कागद घेतला आणि तीस मार्चच्या ओळीखाली मशीनवर शिवून टाकला. दुहेरी टाका, लाल दोरा, बँडच्या कोटातला उरलेला. कागदावर सुई चालवली की बोथट होते. होऊ दे.

वेळापत्रक परत दारावर लावलं, तुती त्यांच्या चपलांशेजारी ठेवली आणि मशीनवर जाऊन बसले. काय हिंमत माझी! मशीन नुसतं चालवत होते, खाली कापडच नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते दारात आले. हातात चष्मा.

"सूनबाई, हे कुणासाठी?"

"ज्याला खाली बसायचं त्याच्यासाठी."

"तीन वर्षं लागतात."

"माहीत आहे."

"तुला आठपर्यंत झोपायचं होतं."

आता आली का पंचाईत! पण मी मान वर करून म्हटलं, "झोपते की. चहा तुम्ही करता ना. तुमच्या हातचा प्यायची सवय लागलीय मला, आता मोडू नका." आणि मग मला रडूच आलं, चांगलं मोठ्याने. "बाबा, मी थट्टा करत होते हो. माझं तोंडच मेलं तसलं आहे. तुम्ही जाऊ नका."

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "टाका सरळ आलाय," आणि आत गेले.

म्हणजे काय समजायचं? हो की नाही? चौतीस वर्षं ह्या माणसाने लोकांना गाडी येणार की नाही ते कसं सांगितलं असेल कोण जाणे.

३० मार्च, सोमवार

आठवडा झाला, तुती पिशवीतच आहे. शिवलेला कागद कोरा. सासऱ्यांची ट्रंक दोन दिवस उघडी पलंगावर आहे, कपड्यांच्या घड्या बाजूला. त्यात काही भरलं जातंय की काढलं जातंय ते कळायला मार्ग नाही. विचारायची छाती होत नाही. दोनदा चहा सांडला माझ्याकडून.

३१ मार्च, मंगळवार

दीर दहा वाजता आला. सासरे घरात नव्हते. ट्रंक बंद, पलंगावर. आम्ही तिघंही मागे गेलो.

सासरे जाळीच्या आत, हातात कुदळ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खड्डा दीड हात झाला होता. पाचही कोंबड्या कडेला रांगेत, मातीतून काय निघतंय ते बघत. लंगडी आज सगळ्यात पुढे होती.

"बाबा, निघायचं ना?" दीर म्हणाला.

"ते रोप दे इकडे."

दिराने रोप दिलं. बुटाला माती लागली त्याच्या. सासऱ्यांनी रोप खड्ड्यात उभं केलं, माती लोटली, पायाने दाबली, मग इन्स्पेक्टर येण्याआधी बुंध्याभोवती विटा रचल्या. हे सगळं सावकाश. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्याकडे येईन. चार-आठ दिवस राहायला येईन, सुनेला सांग, खोली फार छान केलीय. पण मुक्कामाची गाडी इथे लागलीय."

दीर नवरोजींकडे बघून म्हणाला, "दादा, आपण आधी विचारायला हवं होतं रे." नवरोजी म्हणाले, "मी सांगणारच होतो." ह्यावर सासरेसुद्धा हसले.

ट्रंक उचलायला गेले तर हलकी. नुसत्या कोऱ्या डायऱ्या आहेत आत. कपडे कपाटात परत गेलेत.

जेवून दीर गेला. जाताना अंडी दिली बरोबर. वेळापत्रकाकडे माझं लक्ष संध्याकाळी गेलं. लाल टाक्याखाली पहिली ओळ लिहिली होती, तेच मोत्यासारखं अक्षर. "तुती. लावली ३१ मार्च. फळ..." पुढे तारीख न घालता जागा सोडलीय.

२ एप्रिल, गुरुवार

तुतीला एक नवं पान. इन्स्पेक्टर विटांभोवती फेऱ्या मारतेय, अजून जमलेलं नाही.

बहिणीचा फोन. ती म्हणाली, "काय मग, झाली का सुटका?" मी म्हटलं, "कसली गं सुटका! अडकले आता, चांगली तीन वर्षं."

मागच्या अंगणातून, मशीन चालू, पंखा चालू असताना, सासऱ्यांचा आवाज आला.

"चार! पहिल्या वर्षीची फळं कोंबड्याच खाणार!"